रोवणीत मागे राहिलेली

करडी,
१४ ऑगस्ट २०२४

सौ. रंजूबाईस,
राखीचा नमस्कार.

सौ. मुद्दाम लिहिलं आहे. ते अजून कोणी पुसलेलं नाही, आणि पुसू नये म्हणूनच हे पत्र. माझा फोन तू उचलत नाहीस, बरोबरच करतेस. शिवाय हल्ली दहा मिनिटं बोलले की माझी जीभ जड होते, शब्द सापडत नाहीत. परवा झाऱ्याला मी ‘ते भोकाचं’ म्हणाले. आमचे हे हसले. तूही हस.

इकडची भाताची रोवणी आटोपली. पाऊस बरा आहे. तुझी रक्षा आठवीत गेली, आता तुझ्या खांद्याला लागेल. सकाळी आजीच्या हाताखाली सगळं काम करते आणि मग शाळेत जाते. वेणी स्वतःच घालते, जरा वाकडी. तुझ्या सासूबाई, रेवताबाई, ठणठणीत आहेत.

माझं म्हणशील तर मागच्या वर्षी गणपतीच्या आधी ताप आला. पाच दिवसांत उतरला. दवाखान्यात व्हायरल म्हणाले, गोळ्या दिल्या. ताप गेला, पण मी काही परत आले नाही. अकरा महिने झाले. भाताचं पाणी वेळून काढलं की हात थरथरतात. केस विंचरायला बसले की मध्ये दोनदा हात खाली ठेवावे लागतात. रात्रभर झोपूनही सकाळी अंगाचा चेंदा झालेला असतो. तीनदा रक्त तपासलं, सगळं चांगलं निघालं. रिपोर्ट चांगला आला की घरात कोणीच खूश होत नाही, हे पहिल्यांदा पाहिलं.

आणि एखाद्या दिवशी बरं वाटतं गं. मग मी उठते, अंगण सारवते, सगळ्यांशी बोलते. तिसऱ्या दिवशी खाटेवरून मान उचलत नाही. हे तुला काय सांगायचं!

(इथपर्यंत काल लिहिलं. आज पुढे.)

यंदा रोवणीला गेले होते. नको जाऊस असं कोणी म्हटलंच नाही. चिखलाच्या बांधीत उतरले, रोपांची पेंढी सोडली, चार हात रोवलं आणि छाती धडधडायला लागली. बाया पुढे गेल्या. मग आपली ती जुनी गंमत. दोन्ही बाजूंच्या बायांनी माझ्याभोवती रोवत आणून मला मधे कोंडलं. चारी बाजूंना रोवलेले हिरवे पऱ्हे आणि मधे चिखलात मी. बाहेर पडायचं तर कोणाचं तरी रोवलेलं तुडवावं लागतं. सगळ्या हसत होत्या. कोणीतरी ओरडलं, “काहून वो राखी, तुले बी रंजूची बिमारी लागली का?”

कोरोनाच्या दुसऱ्या साली, तू तापातून उठलीस तेव्हा, तुला कोंडणारी मी होते. ते तुला माहीत आहे. तू उभी राहून माझ्याकडे पाहत होतीस आणि मी मोठ्यानं म्हणाले होते, “पहिल्या ओळीची बाई पाह्य ना, कशी बुजगावणं झाली!” तोवर पहिली ओळ तुझी असायची. तुझ्या मागून आम्ही सगळ्या. तू मागे पडलीस तेव्हा मला वाईट वाटलं नाही, रंजू. मला बरं वाटलं. त्या दिवसापासून पहिली ओळ माझी झाली.

पण हे सांगायला मी पत्र लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते अजून टाळतेच आहे.

त्या दिवाळीआधी तू मोहाडीच्या बाजारात दिसलीस. बांगड्या भरत होतीस, हसत होतीस. मी ते समाजाच्या बैठकीत सांगितलं. “बाजारात हिंडते, अन् घरी म्हणते उठवत नाही.” त्यावर तुझ्या मालकांनी, लिलाधरभाऊंनी, तुला आसगावला माहेरी पोचवलं आणि रक्षाला ठेवून घेतलं. एवढं तुलाही ठाऊक आहे.

बाजारानंतर दोन दिवसांनी, बैठकीच्या आधी, मी चाळणी परत द्यायला तुझ्या घरी आले होते. घरात कोणी नव्हतं. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, लुगड्यानं डोळे झाकलेले. तू पाणी मागितलंस. मी दिलं. मान धरून पाजावं लागलं, अर्धं गळ्यावर सांडलं. कोण आहे ते तू विचारलं नाहीस, आणि मीही बोलले नाही. ती मी होते. बैठकीत मी बाजार सांगितला, हे सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही, असं तीन वर्षं स्वतःला म्हणत आले.

आता लिलाधरभाऊ सोडचिठ्ठी मागताहेत. पोळ्यानंतरच्या रविवारी बैठक आहे. ती झाली की रक्षा कायमची इकडे. परवा ती माझ्या खाटेजवळ बसली आणि म्हणाली, “मावशी, माही माय खरंच आळशी होती का वो?” मी डोळे मिटून घेतले. तिला वाटलं झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तुझ्या सासरी गेले. पाच घरं चालायची, तर दोनदा ओट्यावर बसले. रेवताबाईंना सगळं सांगितलं, पाण्याचंही. त्या सुपातलं पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, “तवा तू धडधाकट होती, तं खरं बोलली. आता खाटेवर पडून खाऊन राहिली, तं तिच्यासारखंच बोलशील ना!”

मी खोटी होते तेव्हा माझं सगळ्यांनी ऐकलं, रंजू. आता कोणी ऐकत नाही. मला राग येतो, आणि तो धरायचा तर माझ्याशिवाय माणूस नाही.

तरी मी बैठकीत जाणार. चालत गेले तर म्हणतील, चालते की. खाटेवर नेलं तर म्हणतील, सोंग आहे. म्हणून मी चालतच जाणार, चांगलं लुगडं नेसून, बांगड्या भरून. उभी राहून बोलणार, हसेनसुद्धा. आणि शेवटी पंचांना सांगणार की मंगळवारी माझ्या घरी या, आणि मला पाणी पाजा.

ते येतील असं वाटत नाही. आल्यावर मानतील असंही नाही. आणि त्या मंगळवारनंतर मी पुन्हा कधी उठेन, तेही माहीत नाही. मागच्या वेळी एवढा जोर लावला, तेव्हा महिना गेला होता.

तू यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. माफ कर असं लिहिणार होते, पण ते खोडलं. तुझी तीन वर्षं आणि रक्षाची वाकडी वेणी, ते एका शब्दात कसं मागू? फक्त एक लिहून कळव. बांधीत कोंडल्यावर, सगळ्या पुढे निघून गेल्यावर, त्या दिवशी तू बाहेर कशी आलीस? मी पाहिलं नाही. मी पहिल्या ओळीत होते.

तुझ्या मागून, त्याच चिखलात उभी असलेली,
राखी