कुलूप लावलेला हातपंप

प्रिय सुगंधा हिस, मलावी देशातून सलाम.

माझी तब्येत ठीक आहे. तुझा खोकला गेला का? कपाशीवर यंदाही बोंडअळी पडली काय? फोन शांतवनच्याच हातात असतो, म्हणून पत्र लिहितो.

आपल्या पाद्री मुलाची, शांतवनची, मला किळस आली आहे. चर्चच्या अंगणात मिशनने हातपंप बसवला, त्याला याने कुलूप घातले. उपासनेला येईल त्यालाच पाणी.

शेजारची अमिनाबाई मुसलमान, ती कशी येईल? ती ओढ्याचे गढूळ पाणी भरते. शांतवन आणि सूनबाई इथे नवे आले तेव्हा सूनबाई तापाने फणफणली होती. अमिनाबाईनेच तिला आठवडाभर मक्याची पेज भरवली. पहिली प्रार्थना तिच्याच ओसरीवर झाली, म्हणून गावाने यांना जवळ केले. चर्च त्या पेजेवर उभे आहे, याच्या प्रवचनावर नाही.

परवा रविवारी मी तिला सोबत नेले आणि बादली घेऊन तिच्याजवळ पंपापाशी उभा राहिलो. उपासना सुटल्यावर शांतवन किल्ली घेऊन आला.

"बाबा, तुमी इथं काहून?"

"मी बी आज चर्चले आलो नाई. मले बी पानी देऊ नको."

"लोकं पाहून राहिले, बाबा."

"पाहू दे. शोभा तुही होऊन राहिली, माही नाई."

त्याने किल्ली खिशात घातली आणि आत गेला. तेव्हापासून मीही ओढ्यावर जातो. पोट जरा बिघडले आहे, घाबरू नको.

तुझा फोन तो उचलतो. त्याला एवढेच विचार, बाप कोणते पाणी पितो.

प्रभू तुला सांभाळो.

तुझा,
याकोब