अवेळी उठवलेली

८ सप्टेंबर
आलो बुवा एकदाचे! क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, ऐसपैस खिडकी आणि मागच्या दारालाच लागून प्रयोगशाळेचं काचघर. म्हणजे उशीर झाला म्हणायचीही सोय नाही. सामान लावून झालं, पाळणा तेवढा कुठे ठेवायचा कळेना. हिने पडल्यापडल्याच तो पलंगाजवळ ओढून घेतला. आमची छकुली इनमिन आठवडाभर जगली, पण एकदा बोट धरलं की सोडवता सोडवत नसे. ती गेल्यापासून हिने अंथरूण धरलंय. जागा बदलली की माणूस बदलतं, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात साखर पडो.

१० सप्टेंबर
साहेब म्हणजे बाई निघाल्या. सगळे त्यांना किडेबाई म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. माझ्या वाट्याला बटाट्यावरचे पट्टेरी भुंगेरे आलेत. खोलीतला दिवा रोज लवकर मालवायचा, की यांना वाटतं दिवस लहान झाले. मग अंगातलं एक हार्मोन आटतं. खाणं बंद, अंडी बंद, उडायचे स्नायूसुद्धा विरतात आणि स्वारी मातीत शिरून निजते. निजलेल्या मादीच्या पाठीवर त्याच हार्मोनचा थेंब ठेवला की पठ्ठी उठते, खा-खा खाते आणि भराभरा अंडी घालते.
निजलेल्यांना मी आजारी म्हणालो तर किडेबाई उखडल्या. आजारी कसले, जीव धरून बसलेत ते, म्हणाल्या. अवेळी उठवलेली मादी असेल नसेल ते सगळं अंड्यांत ओतते आणि संपते. मी मान डोलावली. नव्या नोकरीत मान डोलावणं हेच अर्धं काम.

२१ सप्टेंबर
ही उठतच नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. दोन घास भरवले की पुरे म्हणते. पाय काटकुळे झालेत, माझा हात धरूनही उभं राहवत नाही. डॉक्टर म्हणाले, दुःखाला वेळ द्या, त्या आपणहून उठतील. सांगायला यांचं काय जातं! छकुली गेली, आता हीपण जाणार. मग मी घरी येऊन हाक कुणाला मारू?

२९ सप्टेंबर
बुडत्याला काडीचा आधार. कामावरून त्या हार्मोनची बाटली खिशात घालून आणली. हिची वेणी घातली आणि मानेवर एक थेंब ठेवला. गार काय लागलं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तेल.

३० सप्टेंबर
उठली! आपल्या पायांनी स्वयंपाकघरात आली, जेवली, परत जेवली. माझं पोट सुटलंय म्हणून चिडवलंसुद्धा. जीव भांड्यात पडला. मी मोरीत जाऊन पोटभर रडलो. बाहेर आलो तर ही पाळणा पुसत होती.

४ ऑक्टोबर
हिची भूक भागत नाही. घरातलं सगळं संपलं. आज काचघरात सापडली, बटाट्याची पानं ओरबाडून खात होती. हसून म्हणाली, डोहाळे लागलेत. मीही हसलो. दुसरं काय करणार—

७ ऑक्टोबर
पाळण्याचं कापड धुवायला काढलं. खालच्या बाजूला अंडी. पिवळी, अंगठ्याएवढी, एकाला एक चिकटवलेली. ही म्हणाली, हळू बोल, छकुली निजलीय.

८ ऑक्टोबर
किडेबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच भीती वाटली. आता पुन्हा निजवता येणार नाही, म्हणाल्या. अंडी स्पिरिटमध्ये टाका, एकही ठेवू नका. आणि बायकोजवळ बसा.

९ ऑक्टोबर
ही अगदी हलकी झालीय. पाठ टणक लागते. कुशीत घेऊन बसलोय. म्हणाली, मी आपणहून येणारच होते वर, थोडाच वेळ हवा होता. रागावलीस का, विचारलं. वेडा कुठला, म्हणाली. छकुलीला उपाशी ठेवू नकोस, एवढंच—

संध्याकाळ
गेली. माझ्या हातानं गेली. निजू द्यायला हवं होतं गं तुला—

१० ऑक्टोबर
अंडी हलताहेत. स्पिरिटची बाटली उघडली. टाकायचीत. टाकतो—

एक फुटलं. इवलंसं, पिवळं. डोळे मिटलेले. तोंड उघडून चाचपडतंय—

बाटली खाली ठेवली. डावं बोट नुसतं पुढे—

धरलं.

अगदी तसंच धरलं. छकुली—

घट्ट. रक्त येतंय. सोडवता सोडव—