चारही दारं उघडून

वरोरा,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय रंजीता,

सप्रेम जय भीम. आईची साखर आटोक्यात आहे. पावसानं सोयाबीन काळं पाडलं, तरी सभा थांबल्या नाहीत आणि माझी भाषणंही. गडचिरोलीच्या दवाखान्यातली तुझी ड्यूटी कशी चाललीय? सात वर्षांनी लिहितोय, म्हणून आधी हसण्याची बातमी देतो. माझ्या एकवीस वर्षांच्या मारुतीत मी पंचेचाळीस हजारांचा स्टीरिओ बसवला.

दुकानदार प्रवीण म्हणाला, "सर, गाडी भंगारात टाकाल त चाळीस येनार नाई, अन् तुमी पंचेचाळीसचा आवाज बसवून राह्यले!"

"माणूस भंगारात जातो, प्रवीण. आवाज जात नाही." त्यानं टाळी दिली. टाळीची सवय वाईट. आपण खोटं बोललोय, हेही ती विसरायला लावते.

बाबांच्या गाण्यांची कॅसेट माझ्याकडेच होती.

बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला तू सगळ्यांसमोर विचारलंस, तेव्हा मी "नाही" म्हणालो आणि ती माझ्या खिशात होती. अकरा वर्षांची असताना, शेजाऱ्यांचा टेप मागून आणून तूच ती भरली होतीस. पण मला वाटलं, मोठा मुलगा मी, वारसा माझा. मुलींच्या वारसाहक्कावर मी किती भाषणं ठोकलीत, तुला ठाऊक आहे. महिनाभर दौऱ्यांत गाडीत एकट्यानंच ऐकली. मग ती डेकमध्ये अडकली. काढायला गेलो तर गावभर कळेल, म्हणून सात वर्षं मुकी गाडी चालवली.

मागच्या महिन्यात आई म्हणाली, "अश्विन, तुह्या बाबाचा आवाज कसा होता रे? मले आठवूनच नाई राह्यला."

दुसऱ्याच दिवशी प्रवीणकडे गेलो. त्यानं डेक उघडला, फीत बोटांनी सोडवली, गाणी पेन ड्राइव्हवर उतरवली. तेवढं काम पाचशेत झालं असतं. पण बाबा जयंतीला गायचे, तेव्हा भोंगा नाल्याकडे तोंड करून बांधायची अट असायची, आठवतं? वरच्या आळीला त्रास नको म्हणे. ऐकलं ते म्हशींनी. त्या माणसाचा आवाज मी फाटक्या स्पीकरमधून ऐकवू? नवा डेक घेतला, चार दारांत चार स्पीकर, मागे वूफर.

परवा भरदुपारी आईला घेऊन गावी गेलो. चावडीसमोर गाडी लावली, चारही दारं उघडली. आधी तुझा बारीक आवाज आला, "बाबा, दाबली बटन. गा!" आणि बाबा गायले. रंजीता, कौलं थरथरली! वरच्या आळीतली माणसं बाहेर आली. त्यांतला म्हातारा लटारू काठी टेकत माझ्याकडे निघाला. मी भांडणाला तयार.

तो म्हणाला, "तुह्या बाबाचा, देवाजीचाच आवाज नं हा? वाढव गा जरासा."

मी वाढवला.

गाणं संपलं. आईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "हे त रंजीताची कॅसेट होय. तुह्याजवळ होती?"

मी खाली उतरलो आणि जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, "ही माझ्या बहिणीची. मी चोरली होती." माझं आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण. एकही टाळी पडली नाही.

कॅसेट सोबत पाठवतोय, मूळचीच. सोळा तारखेला आई चंद्रपूरला दीक्षाभूमीवर जाणार आहे. तुला घ्यायला गडचिरोलीला यायचं की नाही, ते तू कळव. नाही म्हणालीस तरी कॅसेट तुझीच.

'तुझा भाऊ' हे शब्द तू परवानगी दिलीस की लिहीन. तोवर नुसता,

अश्विन