म्हातारीची परीक्षा

सोमवार, ४ मार्च

पाच खोकी आली! दुकानाने पाच नवे माइक पंधरा दिवसांच्या बोलीवर दिलेत. ऐका, पटला तर ठेवा, नाहीतर परत. नेल्डाने मला न विचारता मागवले. स्टुडिओ तिचा आहे, मान्य. पण एकतीस वर्षं इथल्या खुर्चीत मी बसतोय!

म्हणते, "मिस्टर ओरिन, गाण्यासाठी एक नवा माइक घेऊ आणि म्हातारी विकून टाकू. टेक्सासमधला एक हौशी माणूस तिच्यासाठी जीव टाकतोय."

म्हातारी म्हणजे आमचा जुना व्हॉल्व्हचा माइक. नेल्डाच्या बापाने हा स्टुडिओ बांधला तेव्हाचा. तापायला वीस मिनिटं घेते. नदीवरून ओलसर वारा आला की कुरकुरते. दर दोन वर्षांनी काहीतरी दुखणं काढते. पण तिच्यासमोर माणूस गायला की तो माणूसच खोलीत येतो. मी सांगितलं, हे पाचही तिच्या पासंगाला पुरायचे नाहीत.

"बघून सगळेच सांगतात," नेल्डा म्हणाली. "न बघता ओळखाल? वीसपैकी पंधरा वेळा ओळखलीत तर ठेवते. नाहीतर अठराला सकाळी दहा वाजता टेक्सासला फोन."

बापाचीच पोर! हा नियम तिच्या बापाचाच. पाठ फिरवून जे ऐकू येत नाही ते नाहीच, असं तो म्हणायचा. मीही आल्यागेल्याला तेच शिकवत आलोय. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

मंगळवार, ५ मार्च

टपालवाली व्हर्नेसा जेवणाच्या सुट्टीत येऊन गायली. बाई चर्चमध्ये गाते, आवाज असा की खिडकीची काच हलावी. सहाही माइक तिच्या तोंडासमोर जवळजवळ बांधले. एकच कडवं, सहा वेगळे ट्रॅक.

"एवढे सगळे माझ्यापुढे? मी काय गव्हर्नर झाले का, अहो मिस्टर टिडवेल?" ही मला आडनावानेच हाक मारते.

पहिल्या वेळी मालगाडी आली. आमच्या ह्या शेफील्ड गावात मालगाडीला वेळकाळ नसतो. दुसऱ्यांदा जमलं.

मग दुपारभर सहांचे आवाज एका पातळीला आणत बसलो. एखादा केसभर जरी मोठा राहिला तरी कानाला तोच चांगला वाटतो. भले भले इथेच फसतात.

गुरुवार, ७ मार्च

एकट्याने होत नाही.

दोन दिवस झटलो. ट्रॅकची नावं काढून टाकली, डोळे मिटून क्रम उलटासुलटा केला. पण क्रम मीच लावलेला! दुसऱ्यामध्ये तळाला किंचित घरघर आहे, पाचव्यात तिच्या ओठांचा चटचट आवाज जास्त येतो. आठवतं. माणसाला स्वतःपासून लपवता येत नाही. ऐकणारा एक आणि मागे उभं राहून प्लग बदलणारा दुसरा, दोघं लागतातच.

दुसरा आणू कुठून? नेल्डा म्हणते, मी बदलणार नाही, उद्या तुम्हीच म्हणाल हिने फसवलं. खरंय. म्हणालो असतो.

शुक्रवार, ८ मार्च

दिवसभरात एक फोन. राँग नंबर. बाई बोलायला बरी होती, दोन मिनिटं बोललो!

रविवार, १० मार्च

घड्याळं तासभर पुढे केली. रविवारातला एक तास कमी झाला, तेवढंच बरं.

चर्चवरून येताना मुद्दाम क्लीवच्या गल्लीतून गाडी घातली. घातली तर घातली! त्याचा ट्रक अंगणात तसाच. चाकांभोवती गवत, काचेवर गेल्या हिवाळ्यातली पानं. आळशी माणूस!

लिहूनच टाकतो. एवीतेवी वाचणार कोण? क्लीव स्टॅम्प्स आणि मी, सत्तावीस वर्षं. मी ऐकायचो, तो मागे प्लग बदलायचा. माइकच्या तारा जिथे जोडतात त्या सहा भोकांच्या पट्टीवर त्याची बोटं अशी फिरायची, मला त्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. गेल्या जुलैत त्याने भलत्याच भोकात प्लग घातला. नको त्या माइकमध्ये वीज गेली आणि आतली पातळ धातूची फीत फाटली, माइक गेला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. वादक चौघं बसलेले. मी ओरडलो, "डोळे आहेत की बटणं?" त्याने हेडफोन काढून ठेवला आणि चालायला लागला. त्यानंतर आठ महिने फोन नाही.

त्यात काय एवढं? रागात माणूस बोलतो! माफी मागायला मी काय खून केलाय?

पण रविवारी दुपारी आमच्या ठरलेल्या जागी कॅटफिश मासा खायला एकट्याने जाववत नाही, हेही खरं. सँडविच खाल्लं, उभ्यानेच.

सोमवार, ११ मार्च

अठरा!!

व्हर्नेसाला विनवलं. अर्धा तास आली. मी स्पीकरकडे तोंड करून बसलो, ती मागे पट्टीपाशी, एकेका भोकात एकेका माइकचा ट्रॅक. दहा वेळा म्हातारी, दहा वेळा बाकीच्यांतलं कोणीही, क्रम तिच्या मनचा. मी माझ्या कागदावर लिहायचं, म्हातारी की नाही. तिने तिच्या कागदावर. थोरल्या फेनेलच्या, म्हणजे नेल्डाच्या बापाच्या, वेळेपासून रिवाज असा की प्लगवाल्याचा कागद पाकिटात घालून चिकटवायचा आणि एक झोप झाल्याशिवाय उघडायचा नाही. तापलेल्या कानांनी निवाडा करू नये म्हणून. पण धीर धरवला नाही. वीसपैकी अठरा! व्हर्नेसाने टाळ्या वाजवल्या. मी तिला अक्रोडासारख्या पेकनची गोड पाई अर्धी कापून बांधून दिली.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी दाढी करता करता हात थांबला.

किल्ल्या! व्हर्नेसाच्या कमरेला टपालपेट्यांच्या किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. म्हातारीचं भोक पट्टीच्या पार टोकाला. तिथे जायला तिला दोन पावलं जास्त टाकावी लागतात, किल्ल्या दोनदा जास्त वाजतात.

दुपारी तिला पुन्हा बसवलं. ह्या खेपेला गाणं ऐकू येईल न येईल इतकं बारीक केलं, आणि लक्ष फक्त किल्ल्यांकडे. एकोणीस बरोबर.

म्हणजे काल मी गाणं ऐकलंच नव्हतं! किल्ल्या ऐकल्या. इतकी वर्षं मिरवलेले हे कान!

तो कागद नेल्डाला दाखवला असता तर काम झालं असतं. तिला किल्ल्यांचं काय कळणार? कागद तासभर हातात धरून बसलो होतो. मग फाडला.

बुधवार, १३ मार्च

किल्ल्या काढून ठेवल्या, भोकं बदलली. आता नवीनच. म्हातारी लागली की व्हर्नेसा मागे गुणगुणायला लागते! "मी? नाही हो! गुणगुणले का मी?" तिला कळतही नाही. तिचाच आवाज तिला म्हातारीतून गोड लागत असणार. माझा जीव हरखला, पण ह्याला परीक्षा म्हणत नाहीत.

जाताना पिशवी खांद्याला लावून म्हणाली, "मिस्टर टिडवेल, उद्यापासून मला जमायचं नाही हं. तुमचं दुसरं कोणी माणूस नाही का?"

सहज विचारलं तिने. मी म्हणालो, आहे की.

गुरुवार, १४ मार्च

फोन केला. चार वेळा उचलून ठेवला, मग केला.

क्लीवच्या भाचीने उचलला. मग तो.

"बोल."

"नेल्डा म्हातारी विकतेय."

 मग म्हणाला, "विकू दे. तुझी काय बायको आहे?"

"शनिवारी प्लग बदलायला ये."

"मी? माझ्या हातून पुन्हा काही फाटलं तर?"

"ये रे, क्लीव."

माफी ओठांपर्यंत आली होती. पण तो हसला, मग मीही हसलो, आणि ती तशीच राहून गेली. येतो म्हणाला!

शनिवार, १६ मार्च

आला. भाचीने दारात सोडलं. साहेब आता गाडीही चालवत नाहीत!

मी हात पुढे केला. घेतला नाही. शेजारून सरळ आत गेला. लागलं मला, खोटं कशाला लिहू? पण अजून राग आहे तर असू दे. आला हे काय कमी?

आत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुझा डावा स्पीकर शिंकतोय." मी म्हटलं काहीतरीच! मागून उघडून बघितलं तर एक स्क्रू ढिला. सहा महिने मी त्याच्यासमोर बसतोय!

"कुठलं भोक कोणाचं ते डावीकडून मोजून सांग," म्हणाला. सांगितलं. पट्टीवरून एकदा बोटं फिरवली आणि झालं. पेन्सिल दिली तर नको म्हणाला, जाड मार्कर मागितला. "लेका, भिंत रंगवायचीय का?" म्हटलं. हसला नाही.

मग दोन तास. काय सांगू! पाऊल नाही, श्वास नाही. मागे कोणी आहे की नाही तेही कळेना. फक्त व्हर्नेसाचं ते कडवं, वीस वेळा. नवव्या फेरीला मी हरलो होतो, काही म्हणजे काही समजेना. सगळे सारखेच. घाम फुटला. मग डोळे मिटले, हिशेब सोडून दिला आणि नुसता ऐकत राहिलो. बाराव्यापासून येत गेलं. छातीत कळायचं, ही बाई इथे आहे की तिचं चित्र आहे. सोळा तरी बरोबर असतील. कदाचित सतरा.

क्लीवने कागद पाकिटात घातला, कड चाटून चिकटवली, पाकीट माझ्या हातात दिलं. "सोमवारी उघड. आधी नको."

"रिवाज मला शिकवतोस?"

"तुलाच शिकवायला लागतो."

मग कॅटफिश खायला गेलो! त्याने मेन्यूला हातही लावला नाही. "तूच सांग काहीतरी, तुला माहितीये मला काय लागतं." तळलेली भेंडी, कोबीचं कोलस्लॉ, मक्याच्या पिठाची हशपपी भजी, दोन ग्लास गोड चहा. जुन्या गप्पा निघाल्या. तो नशेतला ड्रमवाला, कपाटात झोपलेला! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. फक्त तो बोलताना माझ्याकडे बघायचा नाही, माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघायचा. मी एकदा म्हणालो, "जुलैत मी जरा जास्तच बोललो." तो म्हणाला, "चहा संपला का रे तुझा?"

माफ केलं की नाही, कळलं नाही.

रविवार, १७ मार्च

पाकीट टेबलावर आहे. उघडलं नाही. पुढच्या रविवारी त्याला चर्चहून घेऊन परस्पर जेवायला जायचं, असं ठरवलंय. त्याला अजून विचारलेलं नाही.

आज घरात जरा बरं वाटलं.

सोमवार, १८ मार्च

सकाळी आठला पाकीट उघडलं. वीसच्या वीस ओळी एकाच जागी लिहिल्यात, एकीवर एक, नुसता काळा गोळा. दोन कागदाबाहेर पाकिटाच्या आतल्या बाजूवर उतरल्यात. खालचा सगळा कागद कोरा. एकही फेरी वाचता येत नाही. आधी वाटलं सूड उगवला. संतापून फोन लावला तर भाचीने उचलला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मिस्टर ओरिन, तुम्हाला सांगितलं ना त्याने? आता थोडा उजेड-अंधार तेवढा कळतो." डोळे जायला लागून दीड वर्ष झालं, म्हणाली. म्हणजे जुलैच्याही आधीपासून.

नेल्डा दहाला येईल. कुलूप लावून क्लीवकडे निघालोय.