डूगल हिरवळीवर पालथा का पडतो?

सौ. एल्स्पेथ वहिनींस गिल्बर्टचा आदरपूर्वक नमस्कार.

ॲबरडीनला लेकीकडे तुमचा गुडघा कुरकुरत नसेल आणि नातू झोपू देत असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक. फक्त तुमच्या यजमानांचं काहीतरी शिजतंय आणि मला त्याचा वास येतोय.

येत्या शनिवारी आमचा दोघांचा गोल्फचा वार्षिक सामना. डूगलने मला आजवर साधी वाऱ्याची दिशासुद्धा खरी सांगितलेली नाही (आणि दर वर्षी तोच जिंकतो). असा माणूस तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी माझ्या दारात! ("मैदानाशीच लग्न करा," असं तुम्ही जाताना म्हणालात, ते सगळ्या गल्लीने ऐकलं.) "चल गिल्ब्या, सातव्या भोकाची हिरवळ दाखवतो." रविवारी खेळ बंद, लोक कुत्री फिरवत होते, आणि हा गवताला गाल लावून पालथा. मलाही पाडलं. पाद्रीबाबांनी जाताजाता टोपी काढली. आम्ही दोघं गेलोच, असं वाटलं असावं.

"डावी बाजू बघ, केवढी ऐसपैस," हा सांगू लागला. "भित्रा तिकडेच मारतो. मग तो उंचवटा आडवा येतो आणि चेंडू घरंगळत पार खाली. उजवीकडे वाळूचा खड्डा आ वासून बसलाय. पण त्याच्या काठाशी चेंडू टाकायची छाती असेल, तर भोकापर्यंत वाट सरळ. हे आखणाऱ्याला माणसं कळत होती रे!"

"पण मला का सांगतोस?"

"असंच."

डूगल, आणि असंच! सोमवारी मी एकट्याने दोन्हीकडून मारून पाहिलं. त्याचा शब्द न् शब्द खरा निघाला. माझा संशय दुप्पट झाला.

मग छडा लावायला तुमच्या घरी गेलो. टेबलाच्या खणात, जुन्या रीतीने, आठवडाभराची ओटची लापशी एकदाच शिजवून थिजवून ठेवलेली. त्यातली एक वडी ताटलीत घेऊन त्याने अंगठ्याने उंचवटा दाबला, चमच्याने खड्डा कोरला, मला सगळं पुन्हा समजावलं आणि खड्ड्यापासून खायला सुरुवात केली. मी उठलो तर म्हणाला, "बस की जरा. आठवी करून दाखवतो."

वहिनी, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि वाईटही वाटलं.

"गाढवा, तिला पत्र लिहून माफी माग!"

"लिहायला बसतो रे. पण दर वेळी हवापाण्याचंच लिहून होतं."

म्हणजे हाही डावीकडेच मारतोय.

आपला,
गिल्बर्ट

ता.क. परत या. घर त्याला खायला उठलंय.

ता.क. मात्र शनिवारनंतर या. त्याचं लक्ष उडालंय, मला जिंकायची एवढीच संधी.

ता.क. पाकीट चिकटवणार तोच डूगल दारात, चक्क दाढी करून! शनिवारच्याच गाडीने तुमची माफी मागायला निघतोय. सामना मला सोडला म्हणे. यात त्याचा काय डाव आहे, तेवढं त्याला विचारून कळवा.