खांद्यात बाण घेऊन गेलेलं डुक्कर

१ डिसेंबर, रविवार
मोत्याले फाडलं. सकाळी वावरात गेली तं कुत्रं धुऱ्याच्या बांधावर पडलेलं, आतडं बाहेर, त्यावर माती. जिवंत होतं. मले पाहून शेपूट हालवलं त्यानं. ओढणीनं पोट बांधलं, उचलून घरी आणलं. आई म्हणे, "रत्ने, जाऊ दे त्याले. कायले हाल करते मुक्या जीवाचे." ऐकलं नाई. दाभणानं शिवलं. दुपारी दोनले गेलं.
संध्याकाळी परत वावरात. तुरीच्या सहा ओळी झोपवल्या हरामखोरानं. खूर माया चार बोटांएवढा. एकटा रानडुकराचा नर आहे, मोठा.

२ डिसेंबर, सोम.
शाळा. आठवीच्या पोरींचा धनुर्विद्येचा तास घेतला, पण लक्ष नाई. गेल्या महिन्यात डुकरासाठी वनखात्याकडं अर्ज केल्ता, परवानगी मिळाली की बंदूकवाला येईल म्हणे. येईल तवा येईल. मले धीर नाई.
कपाटावरून मायं धनुष्य काढलं. राज्य पातळीवर अकरा वर्षं खेळली मी ह्याच धनुष्यानं, आता त्याच्यावर उंदराच्या लेंड्या. दोरी चांगली आहे. लोहाराकडून जुन्या करवतीची चार पाती करून घेतली, बाणांच्या टोकाले लावाले. कशाले पायजे, विचारलं त्यानं. म्हटलं, भाजी चिरायले.
बेकायदा आहे. माईत आहे मले. कोणी पाह्यलं तं नोकरी गेली समज.

५ डिसें., गुरु.
सोनबा आजा भेटला, मुरमाड टेकाडाच्या बरडीवर बकऱ्या चारून राह्यलता. म्हातारा जवानीत बांबूच्या धनुष्यावर डुकरं मारे, सगळ्या मेडशीले ठाऊक. मायं चाकाचं धनुष्य पाहून इतका हासला की ठसका लागला. "हे काय बाई? धनुष्य हाय का सायकल?"
मंग सांगत बसला. नराच्या खांद्यावर मारायचं नाई, तिथं कातडं बोटभर जाड असते, चिखलानं थापलेलं. पुढच्या पायाच्या मांगं चार बोटं, बरगडीत मार. अन् लागल्यावर जागची हलू नको. एक चिलीम ओढून व्हईपर्यंत बस. जनावर जवळच जाऊन लवंडते, आखडते. मांगं गेली तं उठून पळते.
हो हो केलं. मनात म्हटलं, आजा, मले काय शिकवून राह्यला तू.

६ डिसें., शुक्र.
सकाळी विहारात. पांढरी साडी. पहिलं शील म्हणताना जीभ अडखळली, बाजूच्या बाईनं पाह्यलं माह्याकडं. प्राणी मारायचा नाई म्हणून तोंडानं म्हणते अन् घरी पात्यांले धार लावून ठेवली.
येताना शांता वहिनीनं हाक मारली. आमच्या वावराच्या खालून नाला, नाल्यापलीकडं त्यांचं भाजीचं वावर. वांगे, मेथी, सांभार. मेथीची जुडी हातात कोंबली. "डुकरानं माये बी वांगे खाल्ले माय. तू मार त्याले. पुरणपोळी घालते तुले, तुपात बुडवून." तिले धनुष्याचं माईत आहे. तिले अन् सोनबा आजाले, बस.

८ डिसें., रवि.
लिहायचंच आहे. हात धड नाई तरी.
उजाडता उजाडता नाल्याच्या काठावर बोरीच्या आड बसली. वारं समोरून. ते तुरीतून निघालं, पळसाले अंग घासत उभं राह्यलं, आडवं. पंचवीस पावलं. दोरी ओढली. चार बोटं मांगं, चार बोटं मांगं, म्हणत होती मनात. पण डोळा मधोमध गेला. अकरा वर्षं मधोमधच मारलं ना. कागदावर मधोमध म्हणजे दहा गुण. सुटला बाण. ओल्या पोत्यावर काठी मारल्यावाणी आवाज. खांद्यात. पात्यापुरता आत गेला, बाकी काडी बाहेर हालत होती.
अन् मी उठून चालाले लागली. देवाशप्पथ, ठरवून नाई. ग्राउंडवर बाण मारला की चालत जायचं, बाण उपटायचे, परत यायचं. पाय आपोआप निघाले. ते तीस पावलांवर झुडपात लवंडलं होतं. मी दिसली तसं उठलं. नाल्यात उडी. मी येडी मांगून पळत. बसली असती तं तिथंच पडून राह्यलं असतं ते.
मंग वहिनीची किंकाळी.
वांग्याच्या सरीत होती ती, टोपलं भरून राह्यलती. मी काठावर पोचली तवा तिले पाडलं होतं. मांडी फाडली, खालपासून जांघेपर्यंत. तिनं टोपलं मारलं त्याच्या तोंडावर. ते दोन पावलं मांगं सरलं अन् परत आलं. परत. नाक खाली घालून पोटात. दुसरा बाण लावला होता म्या दोरीवर. सोडला नाई, खाली वहिनी होती. ओरडत धावली तवा ते गेलं बरडीकडं. माया बाण तसाच खांद्यात.
रक्त बोटांतून उसळे. साडी फाडून बांधली. वहिनी म्हणे, "रत्ना, ह्याच्या अंगात काय घुसलं वं? काडी होती." म्हटलं, बोलू नको.
हे बी लिहून ठेवते. धनुष्य आधी नाल्यातल्या झुडपात लपवलं. मंग माणसांले हाका मारल्या.
ऑटोनं वाशीमले नेलं, तिथून अकोल्याले पाठवलं. वहिनीचे मालक नामदेवभाऊ मालेगावच्या बाजारात भाजी घेऊन गेल्ते, तिकडूनच आले.

९ डिसें., सोम.
वहिनी गेली.

१० डिसें., मंगळ.
काल वहिनीच्या मातीले गेली. नामदेवभाऊनं माये दोन्ही हात धरले सगळ्यांसमोर. "तू होती म्हणून निदान तिच्या तोंडात पाणी तरी पडलं, रत्ना." बाया रडून राह्यल्या. मी बी रडली. हात सोडवून घ्यावे वाटले, सोडवले नाई.

११ डिसें., बुध.
पंचनामा. वनखात्यातला बिचारा भला माणूस, भाऊले चहा पाजून मंग विचारलं सगळं. मले विचारे, "मॅडम, एकटं डुक्कर दिवसाउजेडी माणसावर दोनदा येत नाई. बिथरलं कशानं?"
माईत नाई म्हटलं.
त्यानं लिहून घेतलं. मास्तरीण खोटं बोलणार आहे काय!

१३ डिसें., शुक्र.
गावातले वीसेक जण काठ्या, कुऱ्हाडी, कुत्रे घेऊन नाल्यात उतरले. मी बी गेली. न जाऊन कसं चालेल. पानकणसाच्या उंच गवतात मादी निघाली, संगं चार पिलं. कुत्र्यांनी कान धरले. मंग काठ्या. डोळा बाहेर आला तरी पाय मारून राह्यलती. पिलं एकेकानं आपटली दगडावर. मी पाहत उभी.
मेल्यावरही नामदेवभाऊ थांबले नाई. डोक्याचा पार चेंदा झाला, तरी मारून राह्यलते. मी मनगट धरलं. "भाऊ, हे नाई ते."
"तुले कसं माईत?"
"ते नर होतं."
पाहत राह्यले माह्याकडं. मंग काठी टाकली. पण पाह्यलं त्यांनी, नीट पाह्यलं.

१५ डिसें., रवि.
सोनबा आजाले घेऊन बरडीवर चढली. एकटी माग काढू शकत नाई हे कबूल केलं. म्हातारा वाकून वाकून चालते, नाक जमिनीले. डाव्या पुढच्या पायाची फरपट दाखवली मुरमात. वर खोलगट लवणात चिखलाचा डबरा, काठाच्या दगडावर रक्त अन् पू. बाण मोडला दगडाले घासून, अर्धी काडी पडली होती. पातं आतच. सडून राह्यलं असेल.
आज्यानं काडी उचलली, मायी पिवळी पिसं पाह्यली, पाठ वळवून चिलीम भरली.
"बसली नाईस ना तू?"
रडू फुटलं. मोठ्यानं रडली बरडीवर, बकऱ्या पाहून राह्यल्या.
रडणं झाल्यावर म्हणे, "आमच्या घरची रीत सांगतो. आपल्या हातचं जखमी जनावर ज्याच्या दारी नुकसान करून गेलं, त्याच्या दारात आधी जाऊन सांगायचं, मी मारलं म्हणून. मंग डोंगर चढायचा. न सांगता चढला तं हात कापते, नेम लागत नाई. माया काका न सांगता चढल्ता."
"मंग?"
"मंग काय. पोट फाडलं त्याचं."

१८ डिसें., बुध.
आज्याच्या दोन बकऱ्या फाडल्या. एक गाभण. खाल्ल्या नाई, नुसत्या फाडून टाकल्या. दुखणं सहन होत नसेल त्याले. त्याच वाटेनं किन्हीराजा गावच्या बाया मोळीले येतात. शाळेत मधल्या सुट्टीत पोरी सांगून राह्यल्या, "मॅडम, पिसाळलेलं डुक्कर आहे म्हणे." डब्याचं झाकण उघडलं नाई म्या.

१९ डिसें., गुरु.
आईले सांगितलं. थोबाडीत मारली तिनं. छत्तीस वर्षांची आहे मी. मंग दार लावलं अन् हळू आवाजात, "कोणापाशी बोलू नको. बाई डुकरानं मारली, संपलं. तुयी नोकरी गेली तं खायचं काय? तुया भाऊ पुण्यातून ढुंकून पाह्यते काय?"
"अन् उद्या अजून कोणाले फाडलं तं?"
"तं फाडलं. तू काय डुक्कर पोसलं?"
हो आई, पोसलंच म्हणायचं. जेवली नाई. ती बी नाई.

२० डिसें., शुक्र.
सांगितलं.
शाळेतून सरळ त्यांच्या वावरात गेली, पाच वाजता. भाऊ वांग्याले पाणी देऊन राह्यलते. वांगे कोणी तोडले नाईत, पिवळे पडून लोंबून राह्यले. ज्या सरीत वहिनी पडली तिथं पाणी सोडलं नाई त्यांनी, कोरडी आहे.
उभ्यानंच सांगितलं. धनुष्य, खांदा, मांगं पळाली ते. दुसरा बाण सोडला नाई ते. सगळ्यात शेवटी, धनुष्य आधी लपवलं ते. 
भाऊनं हातातला फावडा उगारला. मी हलली नाई. कायले हलू. फावडा माह्या पायापासून वीतभर अंतरावर मातीत घुसला, दांड्यापर्यंत.
दांड्यावरचा हात न काढता म्हणे, "किती वेळ गेला लपवण्यात?"
"थोडाच. दहा-वीस मोजण्याएवढा."
"तेवढ्यात जगली असती काय ती?"
"माईत नाई, भाऊ."
"खोटं तरी बोल वं." अन् खाली बसले चिखलात.
निघून आली नाई मी. ते बी जा म्हणाले नाई. दिवस बुडाले आला तवा म्हटलं, उद्या मेडशीच्या चौकीत जाते, सांगते सगळं. भाऊ मान हालवून म्हणे, "तू आत बसली तं डुक्कर कोण मारते? आधी ते मार. रविवारी मी येतो संगं. पुढचं पुढं पाहू." पुढचं काय, ते सांगितलं नाई त्यांनी.

२१ डिसें., शनि.
घरामांगं पोत्यात भुसा भरला, त्यावर कोळशानं डुक्कर काढलं, आडवं. पंचवीस पावलांवरून तीस बाण. पहिले अकरा मधोमध गेले. स्वतःच्या हातावर काठी मारून घेतली. बाराव्यापासून मांगं सरकले. शेवटचे सहा चार बोटांच्या जागेत.
सोनबा आजाले उद्या संगं बोलावलं. नाई म्हणे. "तुया अन् नामदेवच्या मधात मी येत नाई बाई. डबरा कुठी हाय ते माईत हाय तुले." जाताना डोक्यावर हात ठेवला.
आई आत्ता पोळ्या बांधून राह्यली, दोघांच्या.
कुऱ्हाडीले धार लावल्याचा आवाज येऊन राह्यला नामदेवभाऊच्या अंगणातून. एका कुऱ्हाडीले किती वेळ लागते?

२२ डिसें., रवि. स. ६
पाच मिनिटं आहे. लिहून ठेवते, आईले सापडावं म्हणून.
भाऊ आले. चहा घेतला नाई. शांता वहिनीच्या साडीचा पट्टा कमरेले बांधला आहे, त्यात कुऱ्हाड. मी विचारलं, भाऊ, जनावर लागल्यावर तुमी काय करान? म्हणे, "तुयं काम झालं की मायं सुरू." कोणतं काम, कोणावर, ते मी विचारलं नाई.
आईनं आत बोलावून दंडाले धरलं. "त्याले पुढं घाल. तू मांगं राह्य." बोटं रुतली दंडात.
म्हटलं, आई, धनुष्यवाल्याच्या पुढं कोणी चालत नसते. बाण लागते.
ती रडाले लागली.
वारं समोरून आहे, डुकरासाठी चांगलं. मांगं पावलं वाजली तं मले ऐकू येणार नाई. येतील ते माह्या मांगं, दहा पावलांवर, डबऱ्यापर्यंत दीड तास. हात कापून नाई राह्यले. सांगितल्यामुळं असेल.
फाटकाची कडी वाजली. बोलावून राह्यले. जाते.