गादीवाल्याच्या मुलीची फोमची पट्टी

अण्णा,

आज माळ्यावरून ती फोमची पट्टी खाली काढली. पिवळी पडलीय, कडा उंदरांनी कुरतडल्यात, पण वजन अजून तेवढंच, म्हणजे नसल्यासारखं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिला हात लागला की तुमच्याशी भांडायची खुमखुमी येते. मग म्हटलं, भांडूनच घेऊ. आधीच सांगते, माफी मागायला बसलेले नाही.

भद्रकालीतलं आपलं गादीचं दुकान आणि मागे दोन खोल्यांचं घर. पिंजायचं मशीन सुरू झालं की कापूस भिंतींवर, भुवयांवर, आईच्या आमटीत. आमटीतून तंतू काढत तुम्ही म्हणायचात, "खा गं, याच्यावरच तर जगतोय." गिऱ्हाईक आलं की भाव सांगायच्या आधी त्याचा पंजा गादीवर दाबून धरायचात. "हात बुडाला पाहिजे, आन् सोडला की गादी वर आली पाहिजे. बाकी समदी बनवाबनवी." नव्या गादीत जुना कापूस तुम्ही कधी घातला नाही. खोटं बोलून गादी विकली, असं अख्ख्या नाशकात तुम्हाला कोणी म्हणू शकलं नसतं. हे सगळं मान्य. पण कापसातलं कळतं म्हणजे डोंगरातलंही कळतं, असं तुम्ही धरून चाललात आणि तिथे आपलं बिनसलं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरीला लागले आणि तिथल्याच मंडळींबरोबर गडांवर जायला लागले. पोरीच्या जातीला गड कशाला, असं सगळी गल्ली म्हणाली. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, ते विसरलेले नाही. तुमची अट एकच. "गादीवाल्याची पोर दगडावर झोपली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील." मग तीन दिवस खपून तुम्ही माझ्यासाठी पातळ गादी शिवलीत. पातळ म्हणजे तुमच्या मते! ती वळकटी पाठीला बांधून मी हरिहरच्या उभ्या पायऱ्या चढतेय. कातळात बोटं रोवायला खोबण्या आहेत, दोन्ही अंगांना खडक, वळकटी त्या खडकाला अडतेय आणि मी मागे ओढली जातेय. खाली सरळ दरी. वर उघड्यावर झोपलो, तर गादीनं सगळं दव पिऊन घेतलं आणि सकाळी ती एकटीला उचलेना. उतरताना एकानं ती डोक्यावर घेतली. पायथ्याशी आमचा म्होरक्या सगळ्यांदेखत म्हणाला, "ज्याचं ओझं त्यानं वाहायचं. पुढच्या वेळी हे धूड आणणार असशील तर तू येऊच नकोस." मला रडू आलं. तो लागट बोलला म्हणून नव्हे, खरं बोलला म्हणून.

पुढची खेप साल्हेरची. गादी घेतली तर ते नेणार नाहीत, नाही घेतली तर तुम्ही सोडणार नाही. महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त काय अंथरायचं एवढंच. घोंगडी उबदार, पण भिजली की गादीचीच बहीण. प्लास्टिकची चटई हलकी, पण जमिनीचा गारठा जसाच्या तसा पाठीला. मेन रोडवर हवा भरायची गादी काचेआड पाहिली. ती माझ्या पगारात बसेना, शिवाय बाभळीच्या एका काट्यात तिचा जीव जाणार. अशात स्टोअरमध्ये परदेशातून आलेल्या मशीनची पेटी उघडली आणि आत मशीनला गुंडाळलेला पांढरा फोम निघाला. भंगारात जायचा होता, साहेबांना विचारून फुकट घेतला. नळाजवळच्या ओल्या फरशीवर टाकला आणि त्यावर चांगला अर्धा तास बसले. ना पाणी वर आलं, ना गारठा. घरी आणला आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच कापला. पायांचं काय, ते रिकाम्या सॅकवर टाकता येतात. तेवढंच वजन कमी.

कापला तो तुमच्या कात्रीनं. खोळीच्या कापडाशिवाय दुसऱ्या कशाला ती लावायची नाही, हे मला लहानपणापासून पाठ होतं. तेवढ्यात तुम्ही दारात. "हे काय?" "अंथरूण." तुम्ही पंजा दाबलात. बुडाला नाही. "या फोमच्या गाद्यांनी माझी निम्मी गिऱ्हाइकं खाल्ली, आन् तू ही अवदसा घरात आणलीस? बापाच्या पोटावर पाय देतेस, ते बी बापाच्याच कात्रीनं?" मी म्हटलं, "गादी घेऊन मला कोणी नेणार नाही, अण्णा. आणि मला जायचंय." "मग नको जाऊस." "जाणार." तुम्ही पट्टी उचलून भिरकावलीत. ती इतकी हलकी की उंबऱ्यापलीकडेच पडली. मी ती उचलली, गुंडाळली, दुकानातल्याच सुतळीनं बांधली आणि गेले. साल्हेरला माझं ओझं मी वाहिलं, वरपर्यंत आणि खालपर्यंत. आज तुम्ही समोर येऊन उभे राहिलात तरी मी हेच करीन.

परत आले तेव्हा तुम्ही खोळ शिवत बसला होता. दाभण न थांबवता एवढंच विचारलंत, "झोप लागली?" मी म्हटलं, "मस्त!" तुम्ही म्हणालात, "हूं." पुढे प्रत्येक खेपेला तेच. झोप लागली? मस्त. हूं.

चारेक वर्षांनी एका शनिवारी मी अर्ध्या दिवसानं घरी आले, तर दुकानात कापसाच्या गाद्यांशेजारी फोमच्या गाद्या उभ्या केलेल्या. नांदगावकडचं एक नवं जोडपं त्यावर हात दाबून बघत होतं. "राहू द्या तो हात," तुम्ही त्यांना म्हणालात. "माझी पोरगी हे दगडावर टाकून डोंगरात झोपते. झोप मस्त लागते म्हणते. ती खोटं नाय बोलायची." आणि माझ्याकडे बघितलंत. मी मान डोलावली. त्यांनी गादी घेतली.

पट्टी हलकी होती, कोरडी राहायची, परवडली होती. माझी निवड बरोबर होती, यावरून मी तसूभर हटणार नाही. पण झोप नव्हती लागत, अण्णा. एकदाही नाही. कुशीवर वळलं की हाडाला दगड कळायचा आणि मी अंधारात पंजा दाबून बघायचे, बुडतो का. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते एक बरंच आहे. कारण तुम्ही दुकानात असतात आणि विचारलं असतंत, तर मी आजही "मस्त"च म्हटलं असतं.